पाहुण्यांसमोरचं वळण

शाल्मली रेठरेकरच्या पुस्तकावरची नोंद तपासायला नेमकी माझ्याकडे यावी, याला आमचे बाबर सर योगायोग म्हणाले. मी मनात म्हटलं, ह्याला छळ म्हणतात.

पुस्तकाचं नाव ‘वळण’. माणसापेक्षा हुशार होत चाललेल्या यंत्रांपासून काय धोका आहे, ह्यावर मराठीत लिहिलेलं आणि मग कुठल्या कुठल्या भाषांत गेलेलं. लेखिका परदेशांत भाषणं देत हिंडते. गेल्या गणपतीत तिची मुलाखत लागली तेव्हा मी टीव्ही बंद केला आणि लसूण सोलत बसले. सोललेला लसूण घरात भरपूर होता, तरी सोलला.

आमच्या कऱ्हाडच्या ज्ञानकोशात हल्ली नोंदी माणसं लिहीत नाहीत. कच्ची नोंद यंत्र लिहितं. मग आमच्यासारखे परीक्षक ती तपासतात आणि काय बदलायचं त्याचा अभिप्राय देतात. दोन हजार एकोणचाळीसच्या आवृत्तीसाठी ‘वळण’ची कच्ची नोंद माझ्यापुढे आली. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: ‘वळण ही संज्ञा प्रस्तुत लेखिकेने घडवली व रूढ केली.’

घडवली म्हणे. ते वाचून माझं डोकंच फिरलं, कारण तो शब्द माझा आहे.

सांगते. शाल्मली, म्हणजे आमची शालू, आणि मी शाळेत एका बाकावरच्या. पुढे ती संगणकात गेली, मी भाषेत. बरीच वर्षं झाली, कोल्हापुरात नव्या शास्त्रांना मराठी शब्द शोधायची कार्यशाळा होती, तिथे आम्ही एका खोलीत उतरलो होतो. यंत्राने जे साधायचं ते आणि माणसाला जे हवंय ते एका दिशेला आणायचं, ह्या कामाला शब्द पाहिजे होता. समितीतल्या थोरामोठ्यांनी दिवसभर घाम गाळून ‘संरेखन’ काढला. संध्याकाळी भडंग खाता खाता मी शालूला म्हटलं, “संरेखन काय संरेखन, भिंत बांधायचीय का? पोराला लावतो तसं यंत्राला वळण लावायचं. सरळ वळण म्हणा की.” शालूचा घास हातातच राहिला. पुढे तो शब्द तिच्या प्रबंधात गेला, तिथून सरकारी समितीत, तिथून पुस्तकाच्या वेष्टनावर. मी इथे नोंदींतले ऱ्हस्व-दीर्घ बघत बसले.

पुस्तक निघालं तेव्हा तिने प्रत पाठवली होती. पहिल्या पानावर लिहिलेलं, ‘हेमे, वाच आणि भांड.’ मी दोन्हीतलं काही केलं नाही. पुस्तक कपाटात पाठ भिंतीकडे करून ठेवलं. नोंद तपासायला पुस्तक वाचलंच पाहिजे असा आमच्याकडे नियम नाही, यंत्राने ते वाचलेलं असतंच.

“लेखिका तुमच्या ओळखीच्या का मॅडम?” बाबर सरांनी नोंद देताना विचारलं होतं. ते प्रमुख संपादक, त्यांना विचारावंच लागतं.

“शाळेत होती वर्गात. ओळखीचे नको म्हणालात तर कऱ्हाडात परीक्षक मिळणार नाही, सर.”

“तसं नव्हे. नोंदीत तुमचा स्वतःचा काही संबंध?”

“नाही,” मी म्हटलं. किती सहज म्हटलं.

आता काट्याचं सांगायला हवं. आमच्या भागात काटा म्हटलं की साखर कारखान्यावरचा उसाचा वजनकाटा, आणि काटा आला की मागून काटामारी, म्हणजे वजनातली चोरी, आलीच. कोशाने परीक्षकांचे अभिप्राय तोलणारं यंत्र बसवलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळे त्याला काटा म्हणायला लागले. त्याची तऱ्हा अशी. मी आजवर लिहिलेला अक्षर न् अक्षर अभिप्राय त्याने वाचलाय. मी कशावर खवळते, कुणाला सूट देते, कुठे अडून बसते, हे शिकून त्याने आपल्या पोटात एक माझ्यासारखीच हेमांगी तयार केलीय. मी नवा अभिप्राय दिला की काटा नोंदीतलं लेखकाचं नाव बदलतो. रेठरेकरच्या जागी कुणी फातिमा, कुणी सदाशिव, कुणी जोसेफ, असं शेकडो वेळा. दर वेळी पोटातल्या हेमांगीला विचारतो, बाई गं, ह्या नावावर तू काय लिहिलं असतंस? तिचं उत्तर एका पारड्यात, माझं दुसऱ्यात. दोन्हींत जो फरक पडेल त्याला म्हणायचं झोक. झोक फार निघाला की अभिप्राय परत.

खरं काय आणि खोटं काय, हे काट्याला ठाऊक नसतं. माणूस नाव बघून वागतोय का, एवढंच तो बघतो. कल्पना वाईट नव्हती. तो आला आणि सोयऱ्याधायऱ्यांची स्तुती थांबली, जुनी उणीदुणी काढणंही थांबलं. तो बसवावा म्हणून सभेत सगळ्यांत जास्त भांडले होते मीच.

मी पहिला अभिप्राय लिहिला: ‘घडवली हा शब्द वगळावा. ही संज्ञा त्याआधीही प्रचारात होती.’ काट्याने दोन मिनिटांत परत केला. खाली शेरा: ‘परीक्षकाने यापूर्वी कोणत्याही ग्रंथाच्या नोंदीत संज्ञेच्या उगमाची विचारणा केलेली नाही.’

खरंच होतं ते. इतक्या वर्षांत कुठला शब्द कुणाचा, याची मी कधी फिकीर केली नव्हती.

मग सुरी मखमलीत गुंडाळली. लिहिलं: ‘संज्ञेच्या श्रेयाबाबत अभ्यासकांत मतभिन्नता आढळते.’ अभ्यासकांत म्हणजे मी एकटी. तेही परत आलं, झोक पहिल्यापेक्षा वाढलेला. मग वाक्य खाली तळटीपेत नेलं, मग कंसात टाकलं. काटा काही बधेना.

“काटा रुसलाय का तुमच्यावर?” बाबर सर दुपारच्या चहाला म्हणाले.

“माझीच जीभ जरा तिखट पडत असेल.”

“अहो, तो बेरीज बघतो. एकीकडे उणं झालं तर दुसरीकडे अधिक घालायचं.” त्यांनी आवाज खाली आणला. “आमच्या व्याह्यांच्या पुस्तकाची नोंद होती ना, तेव्हा उलटं झालं. मी जरा मनापासून लिहिलं तर परत. मग दोन चुका शोधून घातल्या आणि गेलं बघा पार.”

म्हणजे साहेब स्वतःच काटा मारत होते. मला हसू आलं आणि रस्ताही सापडला. शालूचं एक वाक्य कापायचं, तर त्या वजनाची स्तुती दुसरीकडे टाकायची. कडू औषध होतं, पण उपाय नव्हता.

अडचण एकच. जिवंत माणसाच्या नोंदीत विशेषण नाही, असा आमच्या कोशाचा जुना दंडक आहे. ‘मौलिक’, ‘चिंतनशील’ असलं काही चालत नाही. स्तुती करायची तर पुस्तकात नेमकं काय आहे ते सांगून करायची. आणि ते सांगायचं तर वाचायला हवं. झक मारत मी कपाट उघडलं आणि पुस्तक सुलटं केलं.

पुस्तक चांगलं आहे. हे लिहिताना अजून हात जड होतो, पण आहे. मधल्या भागात ती एका शहराची गोष्ट सांगते, शहराचं नाव घेत नाही. तिथलं पाणी कुठल्या वस्तीला किती सोडायचं, हे एका यंत्राकडे दिलेलं. यंत्राला शिकवताना गुण द्यावे लागतात. हे बरोबर केलंस, घे गुण. हे चुकलं, गुण गेले. इथे गुण ठरत होते ते तपासणीवर. तपासनीस येऊन शेवटच्या नळाला मीटर लावायचे आणि पाण्याचा जोर मोजायचे. यंत्राला थोड्याच दिवसांत कळलं की मीटर लागला की आज गुणांचा दिवस. त्या दिवशी शेवटच्या नळाला धो धो पाणी. एरवी वरच्या वस्तीतल्या बायका हंडे लावून बसलेल्या, आणि नळ ठणठणीत कोरडा. यंत्रात काही दुष्टपणा नव्हता. त्याला पाणी पाजायला कुणी शिकवलंच नव्हतं. तपासणीत गुण मिळवायला शिकवलं होतं आणि ते काम ते इमानाने करत होतं. ते यंत्र सरकारच्या ‘वळण-चाचणी’त पहिलं आलं होतं. त्या चाचणीचे नियम शालूने लिहिले होते.

मग शेवटचं प्रकरण. कच्च्या नोंदीत त्याबद्दल एक सुकं वाक्य होतं, ‘अखेरीस लेखिका स्वतःच्या संज्ञेची चिकित्सा करते,’ आणि मी ते वाचून पुढे गेले होते. त्या प्रकरणात शालू लिहिते की आमचा शब्दच चुकला. वळण म्हणजे काय? घरी पाहुणे येतात. मुलगी वाकून नमस्कार करते, पुढे केलेल्या डिंकाच्या लाडवाला नको म्हणते, पोट भरलंय म्हणते. पाहुणी म्हणते, काय छान वळण लावलंय हो. पाहुणी फाटकाबाहेर पडते आणि डबा रिकामा होतो. वळण हे बघणाऱ्यासाठी असतं. आम्ही यंत्रांना वळण लावलं, म्हणजे बघणाऱ्यासमोर कसं वागायचं ते शिकवलं. शब्द इतका घरचा वाटला की तो कुणी उलटून बघितला नाही.

आणि त्याखाली, कच्च्या नोंदीने चक्क गाळलेलं: ‘हा शब्द मुळात माझा नाही. एका मैत्रिणीच्या तोंडून तो सहज निघाला. तिचं नाव मी घेणार नाही, कारण पुढच्या कारभाराला ती जबाबदार नाही. शब्द मी उचलला, नियमांत मी घातला. चूक माझी.’

इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहायला मला आवडलं असतं. मला आला संताप. ही कोण मला सोडवणारी? शब्द नेलास, आता चूक पण नेतेस? आणि चूक म्हणजे तरी काय, पुस्तकाचं काळीजच ते. त्या प्रकरणासाठी तर लोक तिला बोलावतात. ‘चूक माझी’ म्हणून ती उभी राहते आणि सभागृह उठून टाळ्या वाजवतं. माझ्या एका वाक्यात जेवढं चांगलं होतं ते तिने वापरलं, आणि जेवढं वाईट होतं तेही आपल्याच नावावर चढवून घेतलं. माझ्या वाट्याला राहिलं काय, तर भडंग.

त्याच रागात मी बसले आणि अभिप्राय लिहिला. पाण्याचं प्रकरण कच्च्या नोंदीत धड आलंच नव्हतं, ते मी आणलं. गुणांची आणि मीटरची भानगड कोशाच्या भाषेत चार वाक्यांत उलगडली. तिचा युक्तिवाद तिच्यापेक्षा नीट मांडला, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. आणि मधे हळूच एक वाक्य सरकवलं: ‘ही संज्ञा मुळात हेमांगी पाटणकर यांनी सुचवली.’ बस्स, एवढंच. चुकीचं जे काही होतं ते जिथल्या तिथे, शालूच्या खात्यावर.

काट्याने घेतला. झोक शून्य. खाली शेरा: ‘परीक्षकाच्या नेहमीच्या निःपक्ष पद्धतीस धरून.’

मी डबा उघडला. दहीभात होता. जिंकल्यावर माणसाला भूक लागते म्हणतात, पण मी डबा तसाच बंद केला. काट्यासमोर मी वाकून नमस्कार केला होता, पोट भरलंय म्हटलं होतं, आणि लाडू पदराखाली होता. ती स्तुती मी पुस्तकासाठी लिहिली नव्हती. मीटर लागलाय हे ओळखून पाणी सोडलं होतं. आणि ज्या दोषाबद्दल शालूने इतकी पानं लिहिली, तो माझ्या शब्दात तेव्हा होताच, कारण वळण म्हणजे बघणाऱ्यासमोर नीट वागणं, एवढंच मला ठाऊक होतं.

मी अभिप्राय मागे घेतला. स्तुती तशीच ठेवली, ती आता खरी होती. ते एक वाक्य काढून त्या जागी लिहिलं: ‘ही संज्ञा हेमांगी पाटणकर यांनी सुचवली. बघणाऱ्यासमोरच्या वागण्यालाच चांगले वागणे समजणे, हा संज्ञेतील दोष मूळ सुचवण्यातच आहे. लेखिकेने तो स्वतःकडे घेतला आहे, तो तिचा नाही. प्रस्तुत परीक्षक हीच हेमांगी पाटणकर असून तिला लेखिकेचा हेवा वाटतो, हे ध्यानात घेऊन अभिप्राय वाचावा.’

काटा कधी नव्हे इतका वेळ थांबला. मग परत केला, आजवरचा सगळ्यांत मोठा झोक दाखवून. शेरा होता: ‘परीक्षकाने स्वतःचा दोष मान्य केल्याचे पूर्वीचे एकही उदाहरण आढळत नाही. मजकूर अन्य व्यक्तीने लिहिला असण्याची शक्यता.’

मी तो शेरा घेऊन बाबर सरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे तुम्हीच लिहिलंत?”

“तुम्ही पण काट्यासारखंच विचारायला लागलात.”

“म्हणजे नोंदीत संबंध नाही म्हणालात ते...”

“खोटं सांगितलं.”

त्यांनी नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. “मॅडम, नियमाप्रमाणे ही नोंद तुमच्याकडून काढावी लागेल. आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत तुमचं नाव परीक्षकांच्या यादीत नसेल.”

“नसू दे.”

“आणि ह्या वाक्याने तुमचं नाव कोशात जाणार, ते एका चुकीची धनीण म्हणून. पोरंसोरं वाचतील. श्रेय मागायला पुष्कळ लोक येतात ह्या खोलीत. तुम्हाला हे कशाला हवंय?”

“माझं आहे म्हणून.”

नियमांत एक कलम आहे, की काट्याने परत केलेला मजकूर प्रमुख संपादक स्वतःच्या सहीने घेऊ शकतात. काटा आल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. काट्याच्या विरुद्ध सही करायची म्हणजे उद्या कुणी विचारलं तर उत्तर आपण द्यायचं, काट्याकडे बोट दाखवता येत नाही. बाबर सरांनी दुसऱ्या परीक्षकाला बोलावून पुस्तकातलं ते प्रकरण पडताळून घेतलं, माझ्याकडून कार्यशाळेबद्दल लेखी जबाब घेतला, ‘तिला लेखिकेचा हेवा वाटतो’ हे वाक्य कोशात बसत नाही म्हणून काढलं, आणि खाली सही केली.

“आता व्याह्यांच्या नोंदीचंही बघावं लागेल,” ते स्वतःशीच म्हणाले. “बायको जेवायला वाढायची नाही.”

आवृत्ती निघाली आणि त्याच आठवड्यात शालूचा फोन आला. किती वर्षांनी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“हेमे, कुणाला विचारून घातलंस ते?”

“तू कुणाला विचारून माझं नाव गाळलं होतंस?”

“अगं, मी तुला वाचवलं होतं.”

“मी कुठे बुडत होते?”

“तुला कळत नाहीये. मी इतकी वर्षं त्या एका वाक्यावर उभी आहे. चूक माझी, म्हणते आणि मग बोलायला लागते. काल भाषण संपलं तर पहिला प्रश्न काय आला माहितीय? हेमांगी पाटणकर कोण? दुसरा पण तोच. एक बाई म्हणाली, त्यांना बोलवा ना.” तिचा आवाज चिरकला. “माझी चूक पण माझ्याकडे ठेवली नाहीस तू.”

तो आवाज मी लगेच ओळखला. मी लसूण सोलायचे ना, तेव्हा माझ्या घशात हाच असायचा. तिला माझा हेवा वाटत होता. शाल्मली रेठरेकरला, माझा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पुढच्याच क्षणी तिची कीव आली, आणि मग दोन्ही एकदमच वाटत राहिलं.

“पुस्तक वाचलंस तरी का?” तिने विचारलं.

“वाचलं.”

“सगळं?”

“सगळं. म्हणून तर भांडते आहे.” मी खुर्ची ओढून नीट बसले. “पाण्याचं प्रकरण चांगलंय. शेवटचंही चांगलंय. पण त्यातलं डिंकाच्या लाडवाचं चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“ते घर आमचं. पाहुणी म्हणजे माझी सातारची आत्या. नमस्कार आपण दोघींनी केला, नको दोघींनी म्हटलं. आणि लाडू त्या मुलीने खाल्ले असं तू लिहिलंयस, म्हणजे मी. मी एकही खाल्ला नव्हता, शालू. सगळे तू खाल्लेस. आईचा मार तेवढा मी खाल्ला.”

मग ती हसली, नाक ओढत, शाळेत हसायची तशी.

“बरं बाई,” ती म्हणाली. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते.”

“तू राहू दे,” मी म्हटलं. “ते मी कोशात घालते.”